उत्तरं पोचवणारी बाई

सकाळी साडेअकरा वाजले की वेन्डेल क्रॉस टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि नोरीन स्वयंपाकघरातली सगळ्यात जास्त आवाजाची कामं नेमकी तेव्हाच काढायची. ट्रेमधला बर्फ आपटून सुटा करायचा, पातेली ओट्यावर आदळायची, मिक्सरमध्ये काहीतरी उगाच फिरवायचं. तरीही ते सुरुवातीचं संगीत भिंतीतून यायचंच. बाजा, मागे बायकांचा 'ला-ला-ला', आणि मग सूत्रसंचालकाचा तो तुपकट आवाज : "एकाच उशीवर डोकं ठेवणारी माणसं एकमेकांना किती ओळखतात? पाहू या, 'वन पिलो'मध्ये!"

"नोर! अगं, आज तो नौकेचा भाग लागलाय! ये ना!"

"हात खरकटे आहेत."

चाळीस वर्षं लग्नाला झाली होती. नवरा रोज टीव्हीसमोर बसून पहिल्या बायकोचा मुका घेताना स्वतःलाच बघायचा, आणि वर दुसरीला बोलवायचा.

'वन पिलो' चौऱ्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर अशी चार वर्षं चालला होता. दर भागात तीन नामांकित जोडपी. नवरे मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचे, बायका स्टेजवर प्रश्नांची उत्तरं द्यायच्या. मग नवऱ्यांना बाहेर आणून तेच प्रश्न विचारायचे. जुळलं की घंटा, नाही जुळलं की भोंगा. वेन्डेल तेव्हा एका काऊबॉय मालिकेत शेरिफचा उजवा हात होता आणि त्याची बायको डेल्फीन मार्श गायची, नाचायची, जमेल तसा अभिनयही करायची. दोघं सत्तावीस भागांत आले आणि त्यांच्यासाठी भोंगा जवळजवळ वाजलाच नाही. सगळा देश म्हणायचा, जोडपं असावं तर असं. मग अठ्ठ्याहत्तरमध्ये त्यांचा घटस्फोट झाला, एकोणऐंशीत वेन्डेलनं नोरीनशी लग्न केलं, आणि लोकांनी ठरवून टाकलं की कार्यक्रमाच्या ऑफिसातल्या एका टायपिस्ट पोरीनं सोन्यासारखा संसार मोडला.

जुने कार्यक्रम दाखवणारं ते चॅनल सुरू झाल्यापासून सगळं पुन्हा ताजं झालं होतं. पाम डेझर्टच्या त्यांच्या वसाहतीत सगळी म्हातारीच माणसं. पोहण्याच्या तलावापाशी एखादी बाई वेन्डेलला अडवून लाडानं विचारायची, "डेल्फीन कशी आहे हो?" नोरीन शेजारी टॉवेल घेऊन उभी असायची. समोरची ओपल विंकलर तर एकदा तिच्या तोंडावर म्हणाली होती, "तुझं वाईट नाही गं वाटत मला, पण त्या दोघांना बघितलं की अजून डोळे भरतात."

"भरू देत," नोरीन म्हणाली होती. "पुसायला माझ्या अंगणात येऊ नकोस म्हणजे झालं."

ओपल मात्र येतच राहिली. दर महिन्याला लझान्याचा ट्रे घेऊन, आणि तोही वेन्डेलच्या हातात द्यायला.

ऑगस्टमध्ये गॅरेट पोल नावाच्या माणसाचा फोन आला. हा पन्नाशीचा, फिनिक्समध्ये चष्म्यांचं दुकान चालवणारा, आणि वीस वर्षं 'वन पिलो'च्या चाहत्यांचा संघ सांभाळणारा. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी बरबँकच्या एका हॉटेलात चाहत्यांचा मेळावा होता. जुना सेट हुबेहूब उभारणार, आणि वेन्डेल-डेल्फीननं एक फेरी पुन्हा खेळावी अशी सगळ्यांची इच्छा. डेल्फीन हो म्हणाली होती.

पंच्याऐंशीचा वेन्डेल आठवडाभर आरशासमोर हनुवटी वर करून फिरत होता. मग एका सकाळी नाश्त्याला त्यानं अंड्यावर मिरपूड टाकता टाकता सहज म्हटलं, "प्रश्न तुझ्याकडे येतील ना?"

नोरीननं मान वर केली नाही. गॅरेटनं प्रश्न तिच्याकडेच पाठवले होते. तुम्ही त्या काळी ऑफिसात होतात, भाषा जुन्या वळणाची वाटते का तेवढं बघा, वेन्डेलसाहेबांना मात्र दाखवू नका, असं लिहून. बिचाऱ्यानं हसरा चेहराही काढला होता पुढे.

"आले आहेत," ती म्हणाली.

"मग डेल्फीनला फोन कर. उत्तरं घे. आणि मला ऐन वेळी सांग, स्टेजच्या कडेला. आधी सांगितलंस तर मी विसरेन. नेहमीसारखं."

नेहमीसारखं! नोरीनच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

ती चोवीस वर्षांची होती तेव्हा. नेब्रास्काहून आलेली, उंच, लाजाळू, मिनिटाला नव्वद शब्द टाइप करणारी. कार्यक्रमाचे प्रश्न तीच कार्डांवर टाइप करायची. ती फोडणं हा कायद्यानं गुन्हा होता आणि तसं लिहिलेला कागद तिनं सही करून दिला होता. एका शनिवारी पाच भागांचं चित्रीकरण असायचं, पाहुणे पाच-पाच कपडे घेऊन यायचे. वेन्डेलनं आधी तिच्याकडून सदऱ्याचं बटण लावून घेतलं, मग जेवायला नेलं, मग विचारलं, एक तरी प्रश्न सांग ना गं, डेल्फीनसमोर फार शोभा होते माझी. तिनं एक सांगितला. पुढच्या महिन्यात सगळे सांगितले. पण नुसते प्रश्न कळून काय उपयोग? डेल्फीन काय म्हणणार ते कळायला हवं. म्हणून नोरीन डेल्फीनच्या मेकअपच्या खोलीत चहा घेऊन जायची, हळूच प्रश्न वाचायची, उत्तरं डोक्यात ठेवायची, आणि धावत स्टेजमागे येऊन वेन्डेलच्या कानात सांगायची.

डेल्फीनला ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून माहीत होती. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून ती म्हणायची, "मला कंटाळा आलाय, पोरी. तूच काहीतरी बरं सुचव. मी तेच सांगते." शहात्तरपासून ते दोघं एका घरात राहतही नव्हते, आवडीनिवडी कुठून आणायच्या? मग नोरीन स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या आईबापाच्या, स्वतःच्या मनातल्या गोष्टी द्यायला लागली.

तो पीचसुद्धा तसाच.

"तुमच्या बायकोनं तुम्हाला गाढ झोपेतून उठवून शेवटचं काय मागितलं?" असा प्रश्न होता. डेल्फीन स्टेजवर पापण्या खाली करून म्हणाली होती, "डब्यातला पीच. आणि तो त्यानंच भरवायचा." वेन्डेल बाहेर आला, खोल आवाजात म्हणाला, "पीच मागते. काट्यानं मला भरवावा लागतो." घंटा, किंचाळ्या, मुका. इंटरनेटवर तो तुकडा लाखो लोकांनी पाहिला होता. चाहते पीचचे डबे घेऊन सही मागायला यायचे. आणि सात वर्षांच्या नोरीनला गोवर निघाला होता तेव्हा तापात तिनं बापाला उठवून पीच मागितला होता; त्या मुलखाच्या राकट माणसानं डबा फोडून एकेक फोड तिला भरवली होती. हे तिनं वेन्डेलला त्या शनिवारी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "झकास! चालेल."

तिनं फोन लावला. डेल्फीन सँटा बार्बराला एकटी राहायची. तिसरा नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती.

"कोण? टायपिस्ट?" पलीकडून खरखरीत आवाज आला.

"नोरीन क्रॉस बोलतेय."

"तेच म्हटलं मी. काय हवंय? थांब, सांगू नकोस. तो अजूनही तुला पाठवतो? अगं बाई!" डेल्फीन हसता हसता खोकायला लागली. "ऐंशीची झाले मी, तो मसणाच्या वाटेवर, आणि तू अजून कार्डं घेऊन पळतेयस!"

"तुम्हाला शोभा करून घ्यायची असेल तर नका सांगू उत्तरं."

"शोभा माझी नाही होत, त्याची होते. विचार."

नोरीननं चारही प्रश्न वाचले. डेल्फीननं फटाफट उत्तरं दिली, जणू दुकानदाराला यादी सांगतेय. नोरीन फोन ठेवणार एवढ्यात ती म्हणाली, "एक विचारू? इतकी वर्षं त्याच्याशी राहिलीस. तुला तरी ओळखतो का तो?"

"माझा नवरा आहे तो."

"माझाही होता. मला नाही ओळखलं. मला वाटायचं, माझ्यातच ओळखण्यासारखं काही नसेल. तुझं काय?"

"ओळखतो."

"मग एकदा काही न सांगता सोड की त्याला. बायकोबद्दल विचारतायत ना? बघ कोणाचं नाव निघतं तोंडातून." आणि डेल्फीननंच फोन आपटला.

नोरीनला आधी संताप आला. तिनं बागेत जाऊन गुलाबाच्या चांगल्या फांद्यासुद्धा छाटून टाकल्या. पण ते वाक्य गेलं नाही. रात्रंदिवस डोक्यात घोळत राहिलं, आणि हळूहळू त्याचं दुसरंच काहीतरी होत गेलं. खरंच, काही सांगितलं नाही तर? चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लेला माणूस 'बायको' म्हटल्यावर कोणाबद्दल बोलेल? सगळ्या लोकांसमोर, त्या बाईच्या शेजारी बसून, त्याच्या तोंडून नोरीनच निघाली तर? तिनं स्वतःशीसुद्धा हे कबूल केलं नसतं, पण मेळाव्यासाठी तिनं नवा निळा ड्रेस घेतला आणि केस रंगवून आणले.

शनिवारी सकाळी तीच गाडी चालवत बरबँकला निघाली. वाटेत पवनचक्क्यांच्या खिंडीत वारा गाडीला ढकलायला लागला की तिचे तळहात नेहमी घामेजायचे. चाळीस वर्षांत ती तिथून शेकडो वेळा गेली होती आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून.

"हळू काय चालवतेस? उशीर होईल," वेन्डेल म्हणाला.

"वारा आहे."

"कुठे वारा? उत्तरं घेतलीस ना?"

"घेतली."

हॉटेलच्या दालनात चारशे माणसं असतील. पन्नाशीच्या पुढची, काही खास सत्तरच्या दशकातल्या रुंद कॉलरचे शर्ट घालून आलेली. केशरी-तपकिरी सेट, तीन सोफे, मधे ती प्रचंड सॅटिनची उशी. पुढच्या रांगेत बायका पीचचे डबे उंचावत होत्या. गॅरेट पोल तपकिरी सुटात घामाघूम होऊन धावत होता. त्यानं नोरीनचा हात दोन्ही हातांत धरला. "मिसेस क्रॉस, तुमची मोठी मदत झाली. तुमच्यासाठी आत बसायची सोय आहे, पडदा आहे तिथे. म्हणजे... लोकांना जरा जुनं वातावरण..."

"मी दिसू नये असं म्हणायचंय तुम्हाला."

"नाही, नाही, तसं नाही—"

"तसंच आहे. बसते."

डेल्फीन काठी टेकत आली. पांढरे शुभ्र केस, लाल ओठ. नोरीनच्या ड्रेसवरून नजर फिरवत म्हणाली, "निळा? बरा दिसतो. नवऱ्यानं निवडला?" आणि उत्तराची वाट न बघता लोकांत गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका उभ्या राहून रडत होत्या.

स्टेजच्या कडेला, वायरींच्या भेंडोळ्यांपाशी, वेन्डेल वाकून उभा राहिला. कान पुढे केला. नेमका डावा, त्यातच आता ऐकू यायचं. "हं. सांग."

नोरीन म्हणाली, "काही नाही."

"म्हणजे?"

"सांगणार नाही. तुझं तू सांग. बायकोबद्दल विचारतील. माहीत असेल ते सांग."

त्याला आधी समजलंच नाही. मग त्यानं तिचं मनगट धरलं, आणि म्हाताऱ्याच्या मानानं जोरात धरलं. "हा काय पोरखेळ लावलायस? चारशे माणसं बसलीत बाहेर! उत्तरं दे मला!"

"हात सोड."

"नोर, माझी लाज काढायची आहे का तुला? जळतेस तिच्यावर, अजून जळतेस!"

"हो, जळते," ती म्हणाली. "जा आता."

तेवढ्यात गॅरेटचा माणूस आला आणि वेन्डेलला हेडफोनच्या खोलीत घेऊन गेला. जाताना त्यानं मागे वळून असं पाहिलं, की तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर भ्यालं असतं.

डेल्फीननं चारही उत्तरं फोनवर दिली होती तशीच दिली, वर पदरचा मसाला घातला. लोक हसून बेजार झाले. मग हेडफोन काढून वेन्डेलला बाहेर आणलं. तो तिच्याशेजारी बसला, हात तिच्या खांद्यामागे टाकला, आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं ते हसू चेहऱ्यावर आणलं. पडद्याच्या फटीतून नोरीन बघत होती. तिनं पडदा मुठीत घट्ट धरला.

"पहिला प्रश्न," गॅरेट कार्ड वाचत म्हणाला. "सकाळी उठल्यावर तुमची बायको सगळ्यात आधी काय करते?"

नोरीन चाळीस वर्षं सकाळी उठल्यावर साखरेचं पाणी करून अंगणात हमिंगबर्ड पक्ष्यांसाठी टांगलेल्या बाटल्या भरायची. त्याच्या खिडकीसमोर.

"कॉफी पिते," वेन्डेल म्हणाला. "कॉफीशिवाय ती तोंड उघडत नाही."

भोंगा वाजला. डेल्फीननं सांगितलं होतं, "आरशाला शिव्या देते." आणि नोरीननं पोटातल्या व्रणामुळे कॉफी सोडून अठ्ठावीस वर्षं झाली होती. लोक आपुलकीनं हसले. होतं असं एखादं.

"दुसरा. तुमच्या बायकोला कशाची भीती वाटते?"

"माझ्या बायकोला?" वेन्डेलनं छाती फुगवली. "कशाचीच नाही! ती भीत नाही, भिववते!"

भोंगा. डेल्फीनचं उत्तर होतं लिफ्ट. नोरीननं घामेजलेला तळहात ड्रेसला पुसला.

"तिसरा. तुमची बायको कोणता पदार्थ सगळ्यात चांगला करते?"

डेल्फीननं सांगितलं होतं, "फोन करून बाहेरून मागवणं." वेन्डेलचा चेहरा एकदम उजळला. या वेळी त्याला अगदी खात्री होती. "लझान्या!" तो म्हणाला. "अशी लझान्या तुम्ही जन्मात खाल्ली नसेल."

भोंगा.

नोरीननं आयुष्यात एकदाही लझान्या केली नव्हती. तिनं पडदा सोडला. तिला वाटलं होतं, एक तर डेल्फीन निघेल त्याच्या तोंडून, नाहीतर ती स्वतः. डेल्फीन निघाली असती तर तिनं सहन केलं असतं, निदान भांडायला कोणीतरी असतं. पण त्या माणसाच्या डोक्यात कोणीच नव्हतं. एक कॉफी पिणारी, न भिणारी, ओपल विंकलरच्या हातची लझान्या करणारी बाई होती, आणि तिला चेहराच नव्हता.

दालनात आता कुजबुज सुरू झाली होती. कोणीतरी मागून ओरडलं, "पीच! पीच विचारा!" गॅरेट घाम पुसत म्हणाला, "शेवटचा, शेवटचा, हा नक्की जमणार. तुमच्या बायकोची आई तिला लाडानं काय म्हणायची?"

डेल्फीनचं उत्तर 'डॉट' होतं. नोरीनची आई तिला रीनी म्हणायची. ती शेवटची सहा वर्षं त्यांच्याच घरात होती, मागच्या खोलीत. दिवसातून पन्नास वेळा त्या खोलीतून हाक यायची, रीनी, पाणी दे, रीनी, उशी सरळ कर, रीनी, तो घरी आला का. त्याच खोलीत ती गेली, आणि जातानाही तीच हाक होती. वेन्डेल तेव्हा दाराशी उभा होता.

वेन्डेलनं डेल्फीनकडे पाहिलं. ती नखं बघत बसली होती. छताकडे पाहिलं. मग त्यानं मान वळवून स्टेजच्या कडेला पाहिलं, आणि त्याचा तोल सुटला.

"मला काय विचारता? तिला विचारा!" तो पडद्याकडे बोट करून ओरडला. "ती बाई उत्तरं देते मला! नेहमी तीच देते! आज मुद्दाम दिली नाहीत तिनं, मुद्दाम!"

अख्खं दालन हसण्यानं फुटलं. काय अभिनय, काय वेळ साधली म्हाताऱ्यानं! बायका डबे एकमेकांवर वाजवत होत्या. डेल्फीननं माइक ओढून घेतला. "बघितलंत? याला दोन बायका मिळाल्या, आणि दोन्ही विषयांत नापास!" पुन्हा हशा. वेन्डेल मधे बसून ओरडत होता, "खरं सांगतोय मी!" आणि जितका ओरडत होता तितके लोक टाळ्या पिटत होते.

स्टेजमागे आल्यावर त्यानं खुर्ची ढकलून दिली. "समाधान झालं? बुडवलंस मला!"

"मी काय केलं? गप्प बसले."

"तेच! तेच केलंस!"

"रीनी," नोरीन म्हणाली. "माझी आई मला रीनी म्हणायची. सहा वर्षं तुझ्या घरात."

"मग आधी सांगायचंस ना ते!" तो ओरडला, आणि त्याला खरोखरच वाटत होतं की चूक तिची आहे.

डेल्फीन दारात टेकून ऐकत होती. या वेळी ती हसली नाही. "एकही तुझं नव्हतं?" तिनं विचारलं.

"तुमचं तरी कुठे होतं?"

"नाही. पण मी चारच वर्षांत निघाले, पोरी." तिनं पर्स बंद केली. "माझ्या गाडीत नाही बसवणार मी त्याला, आधीच सांगते."

गॅरेट हातात कार्डं घेऊन आला. चेहरा पडलेला. "मिसेस क्रॉस, ते असं का म्हणाले? की तुम्ही उत्तरं..."

नोरीननं त्याला सगळं सांगितलं. कार्डं, चहा, काकडीच्या चकत्या, सत्तावीस भाग. पीचसुद्धा. तापातली सात वर्षांची मुलगी, तिचा बाप, काटा. ती शांतपणे बोलत होती, आणि गॅरेटचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"माझे आईवडील रोज भांडायचे," तो शेवटी म्हणाला. "मी तो कार्यक्रम बघायचो आणि म्हणायचो, असंही असतं कुठेतरी. बाहेर चारशे माणसं आहेत तशीच. मी हे ऐकलेलं नाही. कृपा करा, कोणाला सांगू नका."

"तुम्ही वीस वर्षं ज्याची पूजा केलीत ते मी लिहिलंय," नोरीन म्हणाली. "आणि मला पडद्यामागे बसवलंत."

"मी ऐकलेलं नाही," तो पुन्हा म्हणाला आणि बाहेर गेला. सह्यांसाठी रांग लागली होती.

वेन्डेल त्या रांगेपुढे जाऊन बसला. पेन उघडलं. मान वळवून त्यानं हाक मारली, "नोर, चष्मा!" चष्मा तिच्या पर्समध्ये होता. तिनं तो काढून टेबलावर ठेवला, त्याच्या गोळ्यांची डबी ठेवली, आणि गाडीची किल्ली घेऊन निघाली. खिंडीत वारा होताच. ती हळू चालवत गेली. घाई करायला शेजारी कोणी नव्हतं.

रविवारी दुपारी गॅरेटनं त्याला आणून सोडलं आणि इंजिन बंदही न करता निघून गेला. नोरीननं दार उघडलं. वेन्डेलचा पलंग, कपडे आणि टीव्ही तिनं मागच्या खोलीत हलवले होते.

"हे काय?"

"माझ्या आईची खोली. जागा मिळेपर्यंत राहा."

"कसली जागा?"

"जुन्या नट-नट्यांसाठी ते घर आहे ना, तिथे अर्ज केलाय तुझा. घर माझ्या नावावर आहे, विसरला असशील म्हणून सांगते."

त्यानं आरडाओरडा केला, वकिलाच्या धमक्या दिल्या, ओपलला बोलावून आणलं. ओपल तावातावानं म्हणाली, "या वयात माणसाला घराबाहेर काढतेस? लाज नाही वाटत?"

"तुझ्याकडे ने," नोरीन म्हणाली. "त्याला तुझी लझान्या बायकोची वाटते."

ओपल आल्या पावली परत गेली. ट्रे येणंही थांबलं.

मार्चमध्ये त्याला जागा मिळाली. तिथे तो खूश होता असं नोरीनच्या कानावर यायचं. जेवणाच्या टेबलावर सगळे त्याला पीच भरवायचे म्हणे. ती एकदाही गेली नाही.

एप्रिलमध्ये तिथल्या एका परिचारिकेचा फोन आला. तरुण आवाज, अदबीचा. "मिसेस क्रॉस, त्यांच्या कागदांत बरंच रिकामं आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, बायकोला विचारा. कुठल्या औषधाचं वावडं वगैरे?"

"पेनिसिलिन," नोरीन म्हणाली. "आणि शेंगदाणे. घसा सुजतो, श्वास अडकतो. मोठ्या अक्षरात लिहा. डाव्या कानानं ऐकतो, उजव्या बाजूनं बोलू नका. रक्त पातळ करायची गोळी सकाळची, जेवणानंतर."

"लिहिलं. आणि आवडीनिवडी? म्हणजे काय खायला आवडतं, काय केल्यानं बरं वाटतं, असं काही?"

नोरीन दाराशी उभी होती. बाहेर दुपारचं ऊन तापलं होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं.

"ते त्यालाच विचारा," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल, पण थांबा. सांगू देत."